नाव गाळलेला भाषांतरकार

आमच्या मराठी मंडळाच्या दिवाळी अंकात मी एका लेखावर लेखकाचं नावच छापायला विसरलो. लेखक मूळचे रत्नागिरीचे. अमिरातीतल्या फुजैऱ्यात अरबी करारांचं इंग्रजी करतात, ओळीखाली पट्टी धरून वाचतात आणि पान संपलं की ‘खलास’ म्हणतात. हा त्यांचा पहिलाच मराठी लेख, अठराव्या शतकातल्या एका इंग्रज लेखकावर. त्याची नाटकं पडली, मग जन्मभर त्याने फ्रेंच पुस्तकांची भाषांतरं केली आणि प्रकाशकांनी त्यांवर त्याचं नाव कधी घातलंच नाही.

अंक मिळताच त्यांनी पट्टी धरून सगळा लेख तपासला, शुद्धलेखनाची एक चूक पेनने सुधारली. नावाची जागा मात्र कोरीच ठेवली.

“चुकलंच माझं,” मी म्हणालो.

“असू द्या. त्याच्या प्रकाशकांनीपण नाव गाळलं. पण संपादकसाहेब, त्यांनी निदान तुमच्यासारखं स्वतःचं दोन-दोनदा छापलं नव्हतं.”