सासऱ्यांची साखर

सांगलीच्या आमच्या लॅबमध्ये रक्त काढणारे आणखीही होते, पण रुग्णाला तपासणीसाठी तयार करावं तर मीच, असा माझा ठाम समज होता. तो दुसऱ्या कुणाचाही नव्हता, हे आता सांगायला हरकत नाही. नव्वद सालानंतरची गोष्ट. डिप्लोमा नुकताच झालेला, लग्नही नवं. पांढरा कोट घरून इस्त्री करून न्यायचा, आणि समोर माणूस बसला की माझी टकळी सुरू. रात्री जेवल्यावर काही खायचं नाही, सकाळी चहा नाही, तंबाखू नाही, पाणी चालेल. माधवनगरच्या मिलमधले एक काका एकदा मध्येच म्हणाले, "बाई, आधी सुई टोचा, मग कीर्तन करा." मी ते कौतुकच समजलं.

अशात कडेगावजवळच्या आमच्या गावी सासऱ्यांच्या पायाच्या अंगठ्याला उसाचं धसकट लागलं. फौजेतून सुभेदार होऊन परतलेला माणूस, असल्या जखमांना हळद लावून गप्प बसवायचा. ही मात्र भरेना. तिथल्या डॉक्टरांनी साखर तपासायला सांगितलं, तर घरात सगळ्यांचं एकच, मग सून कशाला आहे?

माझ्या अंगावर मूठभर मांस चढलं. पुढच्या सुट्टीत गावी जाऊन, डोक्यावर पदर घेऊन, सोप्यात उभी राहून मी सगळं कीर्तन म्हणून दाखवलं. सासऱ्यांना मी मामा म्हणायची. मामा परेडला ऐकावं तसे ताठ बसून ऐकत होते. शेवटी म्हणाले, "येतो. तयारीनं येतो."

ठरल्या दिवशी पहिल्या एसटीनं आले, कडक धुतलेला सदरा घालून. रक्त मी काढलं, तपासलंही मीच. साखर अगदी बेताची, नावं ठेवायला जागा नाही. मधुमेह नाही म्हटल्यावर डॉक्टरांनी नुसतं मलम बदललं. गावात सुनेच्या हातगुणाची चर्चा झाली आणि ती मला मनापासून पटली.

जखमेला मात्र पटली नाही. महिन्याभरात अंगठा काळपट पडला आणि डॉक्टर तो काढायचं बोलू लागले. मी फार घाबरले. रजा घेऊन गावी गेले. मामांना आवडते म्हणून कारल्याची भाजी करावी, तर परसातल्या वेलावर एक कारलं नाही.

"कारली कुठनं असत्याल?" सासूबाई म्हणाल्या. "तुझ्याकडं रगात द्यायला जायाचं म्हून ह्यांनी रोज वाटून समदी पिली, येलाची पानं बी सोडली न्हाईत. गुळाला शिवलं न्हाईत. आदल्या दिशी तर सकाळधरनं निस्तं पानी. माघारी आल्याव मग ताटभर गूळ-चपाती खाल्ली."

मी चुलीपुढून उठून सोप्यात गेले. "मामा, असं का केलंत?"

"मेडिकलला जायाचं म्हंजी तयारी नगो? पलटणीत आमी तसंच जात व्हतो." मग माझ्याकडे न बघता ते म्हणाले, "आन सुनंच्या हातात वंगाळ रगात कसं द्यायाचं? तुझ्या लॅबातली मानसं काय म्हनली असती?"

मला रडूच आलं. जन्मभर ज्यानं हुकूम पाळले त्याला मी रात्री काय खायचं नाही ते तोंडपाठ करून दिलं होतं. त्याआधी रोजच्यासारखंच राहायचं, एवढं साधं वाक्य माझ्या कीर्तनात नव्हतं. मी म्हटलं, "मामा, वंगाळ असेल तेच मला हवंय. आदल्या रात्रीपर्यंत रोज खाता तसंच खा आणि या."

तसे आले. साखर भरपूर चढलेली निघाली. आकडा बघून मी इतकी हरखले की शेजारच्या टेबलावरून विचारणा झाली, पेढे कधी? सासऱ्यांना मधुमेह निघाला म्हणून आनंदलेली सून पंचक्रोशीत मी एकटीच असेन. औषधं लगेच सुरू झाली. जखम सावकाश भरली, अंगठा राहिला.

पुढच्या तपासणीला मामा आले तेव्हा लॅब माणसांनी भरलेली होती. मी सवयीनं तोंड उघडणार, तोच त्यांनी सगळ्यांदेखत बाही वर सारून हात पुढे केला.

"घे पोरी," ते म्हणाले, "जसं हाय तसं आनलंय."