खिंडीतला मधला माणूस

मोबाइलचे टॉवर कुठे उभारायचे, हे ठरवणं माझं काम. दोन टॉवरांमध्ये डोंगर आड आला की मधे एक रिले बसवावा लागतो. तो एकाकडून ऐकतो आणि दुसऱ्याला देतो. त्याचं स्वतःचं असं काही म्हणणं नसतं.

अशीच जागा शोधत परवा एका खिंडीत चढलो. तिथे एकच घर होतं आणि दारात सत्तरीचे धोंडूकाका एकटेच बसले होते. नकाशावरची माझी खूण नेमकी त्यांच्या अंगणात पडत होती. रिले काय करतो ते समजावून सांगितलं, तर ते हसले.

"हेच तर आमी करायचो! खालच्या वाडीची हाळी वरच्या वाडीत पोचत नाय. मी इथनं ऐकायचो अन् पुढं हाळी द्यायचो. कुणाची म्हैस व्याली, कुणाला नातू झाला, समदं माझ्या तोंडून गेलंय."

"आणि तुम्हाला कोण हाळी द्यायचं?"

"मला? मधल्याला कोण कशाला हाक मारंल?"

उतरताना ते वाक्य सोबत येत राहिलं. माझाही फोन दिवसभर वाजतो. सगळे रेंजबद्दलच बोलतात. निरोप पोचला की मधल्याकडे वळून कोण बघतं?

पायथ्याशी मी वळलो आणि तोंडाशी हात धरून ओरडलो, "ओ धोंडूकाकाऽ!"

वरून तत्काळ आवाज आला, "हांऽ! कुणाला सांगू?"