चार शब्द

मानसोपचाराच्या तातडीच्या विभागात शिकाऊ डॉक्टर म्हणून तिचा दुसरा आठवडा होता. मोठ्या डॉक्टरीणबाईंनी शिकाऊ पोरांना दमच भरला होता, "आडवळणं नकोत. 'जीव द्यावासा वाटतो का?' असं सरळ विचारायचं. विचारल्याने कुणी मरत नाही."

आज समोर एक शिंपी होता, हसतमुख, कडक इस्त्रीतला. त्याने शिलाई मशीन शेजाऱ्याला फुकट देऊन टाकलं, म्हणून घाबरलेल्या बायकोने त्याला ओढून आणलं होतं. हिने अडखळत विचारलं. "हो," तो शांतपणे म्हणाला, "बरं झालं विचारलंत." त्याला लगेच दाखल करून घेतलं.

संध्याकाळी ती घरी आली, तर दादा तिच्या खोलीत उभा. ज्या कॅमेऱ्याला तो कुणाला बोट लावू देत नसे, तो त्याने तिच्या हातात ठेवला. "घे, तुलाच. मला आता काय करायचाय?" म्हणत तो हसला.

तिने कॅमेरा टेबलावर ठेवला. चारच शब्द, पण जीभ उचलेल तर शपथ! तिने दार लोटलं, दादाचा हात घट्ट धरला आणि सरळ विचारलं.

दादा हसायचा थांबला.