मोजून चार लिटर

माझ्या गाडीला पेट्रोल वाचवायचं यंत्र बसवलेलं आहे आणि ते पेट्रोल वाचवत नाही. हे मी आता न चिडता सांगू शकतो. इतका शांत व्हायला मला एक लग्न लागलं.

यंत्र म्हणजे काडेपेटीएवढी डबी. गाडीतल्या लायटरच्या खोबणीत ती खुपसायची, हिरवा दिवा लागतो आणि पाचवा हिस्सा पेट्रोल वाचतं (असं डबीवर लिहिलं होतं). मोबाईलवर जाहिरात बघून मागवली. आता, मी नागापूरच्या एका कारखान्यात तेवीस वर्षं तपासणी खात्यात आहे. माझ्या सहीशिवाय तिथून एक नट बाहेर जात नाही. असा माणूस डबीवरच्या अक्षरांवर विश्वास ठेवील? छे! तो चाचणी घेणार. आणि चाचणीसाठी मी दिवस निवडला तो माझ्या एकुलत्या एक भाचीच्या, पल्लवीच्या लग्नाचा. लग्न कर्जतला, आमच्या घरापासून पंच्याहत्तर किलोमीटर, एवढं सरळ गणित पुन्हा कुठं मिळणार होतं?

गाडी लिटरला पंधरा देते, म्हणजे पाच लिटर लागणार. यंत्र खरं असेल तर चार पुरतील. आदल्या दिवशी मी टाकी कोरडी केली, निघालेलं पेट्रोल कॅनमध्ये भरून घरी ठेवलं आणि गाडीत मोजून चार लिटर ओतलं. राखीव म्हणून अर्धा लिटर जास्त घालावं, असं मनात आलं होतं. पण मग ती चाचणी कसली?

आमच्याकडे नवरीला मांडवात घेऊन येतो तो मामा. लग्नाला उभी राहताना ती नेसते ती पिवळी साडीही मामाकडची. मामा म्हणजे मी, आणि साडी मागच्या सीटवर.

मिरजगावात पंप आला. बायकोनं, सुमननं विचारलं, थोडं भरून घेता का? मी म्हणालो, चाचणी बिघडेल. लग्नाला इतकी वर्षं झाली की बायका भांडत नाहीत, नुसत्या खिडकीतून बाहेर बघतात. मिरजगाव मागं पडलं आणि जरा पुढं गेल्यावर गाडीनं दोन आचके दिले आणि ती उभी राहिली. साडेअकरा वाजले होते. मुहूर्त बारा पस्तीसचा.

"झाली चाचणी?" सुमननं विचारलं.

"झाली."

"काय निघालं?"

मी मीटर बघितला. अठ्ठावन्न किलोमीटर. म्हणजे यंत्र नसतं तर गाडी आणखी दोन किलोमीटर चालली असती! हिरवा दिवा मात्र छान लागलेला होता. मी खाली उतरून बॉनेट उघडलं आणि आत डोकं घातलं. पेट्रोल संपल्यावर बॉनेट उघडून उपयोग नसतो, हे मलाही कळतं. पण तोंड कुठंतरी घालायला हवं होतं.

चालत मागं पंपावर गेलो असतो, पण तिथं बाटलीत पेट्रोल देत नाहीत आणि कॅन घरी होता, पेट्रोलनं भरलेला. ताईला, म्हणजे नवरीच्या आईला, फोन लावला. पंक्चर झालंय असं सांगायचा माझा विचार होता, तेवढ्यात सुमननं फोन हातातून घेतला आणि सगळं खरं सांगून टाकलं. यंत्राच्या हिरव्या दिव्यासकट.

शेवटी लग्नालाच निघालेला एक ट्रॅक्टर थांबला. मागं ट्रॉलीत माणसं भरलेली. ती नेमकी नवऱ्याकडची निघाली! गाडी रस्त्याकडेला लावून, सुमनला आधी चढवून, साडी छातीशी धरून मी ट्रॉलीत चढलो. एका म्हाताऱ्या पाव्हण्यांनी चौकशी केली. मी चाचणीची सगळी पद्धत समजावून सांगितली. त्यांनी नीट ऐकून घेतलं.

"आन न्हाई पोचलं तर काय करायचं, ते ठरवलं न्हवतं व्हय?" ते म्हणाले.

तेवीस वर्षांत एकाही ऑडिटरनं मला इतका नेमका प्रश्न विचारलेला नाही.

कर्जत जवळ आलं तसा लग्नाचा स्पीकर ऐकू यायला लागला. पाहुण्यांचं स्वागत चाललं असेल म्हणून मी कान दिला. "नवरीच्या मामांचं पेट्रोल संपलंय," स्पीकर सांगत होता. "मिरजगावकडून येनाऱ्यांनी मामांना घेऊन यावं. साडी त्यांच्यापाशीच हाय." हे तीनदा सांगितलं. ट्रॉलीतली सगळी माणसं माझ्याकडे बघून मान हलवत होती, जणू मीच प्रमुख पाहुणा.

मांडवात पोचलो तर मुहूर्त टळायला आला होता. आमच्या एका चुलतभावाला माझ्या जागी फेटा बांधून उभा केला होता, दुकानातून दुसरी पिवळी साडीही आणून ठेवली होती. पल्लवी मात्र जागची हलली नव्हती. सगळे समजावून थकले होते.

"माझा मामा पायी आला तरी मी थांबंन," ती म्हणत होती.

मला रडूच आलं. या पोरीच्या अक्षता माझ्या चाचणीच्या हट्टापायी खोळंबल्या होत्या, आणि ती मलाच धरून बसली होती. ताईनं चुलतभावाच्या डोक्यावरचा फेटा काढला आणि माझ्या डोक्यावर असा दाबला, की कान दुखायला लागले. पल्लवी साडी नेसली, मी तिला मांडवात आणलं, लग्न लागलं.

जेवणं उरकल्यावर जावईबापू पाया पडायला आले. मुलगा गुणी, शिकलेला. पाया पडला, इकडंतिकडं बघितलं आणि हळूच म्हणाला, "मामा, माझ्यापन गाडीला तसलंच यंत्र हाय. कालच बसवलं. चालतं ना?"

इतकं सगळं होऊनही ते यंत्र बिनकामाचं आहे असं म्हणायला माझी जीभ रेटेना.

"उत्तम चालतं," मी म्हणालो. "फक्त टाकी फुल ठेवायची."