मुंगीने खाली ठेवलेला पूल

शनिवारी पूल बसणार आणि तो मुंगी बसवणार, ही बातमी आठवडाभर आधीच नदीच्या दोन्ही काठांवर पोचली होती. पोचवण्याचं काम मुंगीच्या सासूबाईंनी एकहाती पार पाडलं होतं. भाजीवाला, शिंपीण, दवाखान्याच्या रांगेतली अनोळखी माणसं, कुणी म्हणून सुटलं नव्हतं. चर्चच्या मंडळींना तर उपासना संपताच दारात गाठून त्यांनी आमंत्रणं दिली होती. पाळकसाहेबांनी संडे स्कूलची मुलं घेऊन येण्याचं कबूल केलं, कारण नाही म्हणायला मधे फटच मिळाली नाही.

मुंगी हे अर्थातच तिचं खरं नाव नव्हे. क्रेनच्या सीटवर बसली की पाय पेडलपर्यंत पोचावेत म्हणून तिला पाठीमागे उशी घ्यावी लागायची, आणि उचलायची मात्र हत्तीएवढी ओझी. कामगारांनी हसत हसत दिलेलं नाव तिला चिकटलं आणि तिलाही ते आवडलं. आधी ती त्याच कंपनीच्या गोदामात नट-बोल्ट काढून द्यायची. एकदा जेवणाच्या सुट्टीत ती रिकाम्या केबिनमध्ये चढून बसली आणि नेमकी उस्तादांच्या तावडीत सापडली. उस्ताद म्हणजे कंपनीचे सगळ्यात जुने क्रेनचालक, तोंडाचे फटकळ. आता हिची धडगत नाही असं सगळ्यांना वाटलं. उस्तादांनी मात्र तिला बाजूला सरकवलं नाही. कोणता दांडा कशाचा ते सांग बघू, असं विचारलं. तिने सगळे बरोबर सांगितले, कारण कितीतरी दिवस ती गोदामाच्या दारातून त्यांचे हात बघत होती. तिथून पुढे शिकणं, परीक्षा, परवाना हे सगळं झालं. बेकरीत काम करणाऱ्या नवऱ्याने तेव्हा घर सांभाळलं. सासूबाईंनी आधी कपाळाला हात लावला आणि मग सुनेचं कौतुक सांगत गावभर फिरायला लागल्या.

दांड्याला हात लावण्याआधी मुंगी रोज देवाकडे एकच गोष्ट मागायची. लहानपणी तिने बायबलातल्या त्या तरुण राजाची गोष्ट ऐकली होती. तुला काय हवं ते माग, असं देवाने त्याला विचारलं, तर त्याने धन नाही, मोठं आयुष्य नाही, शहाणपण मागितलं. तेव्हा तिला तो राजा अगदीच बावळट वाटला होता. देव स्वतः विचारतोय तर निदान एक घोडा तरी मागायचा. पण क्रेनवर बसायला लागली, खाली माणसं वावरताना बघितली, आणि राजाचं म्हणणं तिला एका दिवसात पटलं.

हा पूल मात्र तिला मनापासून हवा होता. त्यांची वस्ती नदीच्या अलीकडे. शाळा, बाजार, चर्च पलीकडे. गाड्यांचा जुना पूल इतका लांब की म्हातारी माणसं रविवारी निघायचीच नाहीत. आता पायी जायचा पूल होणार होता. दोन्ही काठांवर खांब उभे होते आणि मधला लोखंडी सांगाडा अलीकडच्या काठावर तयार होऊन पडला होता, वरच्या पत्र्याच्या छपरासकट. पाण्यावर लोंबकळत पत्रे ठोकण्यापेक्षा ते जमिनीवरच ठोकून घेऊ, असं इंजिनियरसाहेबांनी ठरवलं होतं आणि ते सगळ्यांनाच पटलं होतं. देवाचं राज्य आधी, बाकीचं मागून, असं पाळकसाहेब नेहमी सांगायचे. मुंगीला ते मान्य होतं. पण पूल हा ‘बाकीच्या’त मोडतो असं तिला मुळीच वाटत नव्हतं. पुलावरून माणसं प्रार्थनेला जाणार, म्हणजे हे देवाच्याच राज्याचं काम, आणि त्यासाठी देवाने नदीच्या दोन्ही बाजूंची सगळी माणसं सोडून तिला निवडलं. या विचाराने तिला आठवडाभर धड झोप लागली नाही.

शनिवारी सकाळी काय गर्दी! पोरं भिंतींवर चढली होती. सासूबाई ठेवणीतली साडी नेसून सगळ्यात पुढे उभ्या होत्या आणि शेजारणीला क्रेनचे भाग समजावून सांगत होत्या, बरेचसे चुकीचे. मुंगी केबिनमध्ये चढली तेव्हा टाळ्या पडल्या. तिला हसू आवरतच नव्हतं. नेहमीची प्रार्थना तिने केली खरी, पण इतक्या घाईत की ‘आमेन’ आणि इंजिन एकदमच सुरू झाले.

सांगाड्याच्या चार कोपऱ्यांना चार दोऱ्या बांधल्या होत्या. ओझं हवेत फिरू नये म्हणून चार माणसं त्या ताणून धरतात. पाण्याच्या बाजूची दोरी लंबूकडे होती. हा ताडमाड उंचीचा, शांत गडी दगडी काठाच्या अगदी टोकाला उभा होता. खूण झाली, मुंगीने दांडा ओढला, आणि सांगाडा जमिनीवरून सुटला. वीतभर, मग हातभर. लोक ओरडायला लागले. आणि तेवढ्यात वारा आला.

वादळ वगैरे काही नव्हतं, एक झोत होता. पण छपराच्या पत्र्यांनी तो अंगावर घेतला आणि अख्खा सांगाडा सावकाश वळायला लागला. तिघांनी आपापली बाजू सावरली. लंबूही मागे रेलला, पण त्याचे पाय दगडावरून घसरत गेले आणि काठाच्या कडेपाशी येऊन थांबले. मुंगीने सांगाडा जागच्या जागी धरला. झोत ओसरला. लंबूने पाय परत रोवले आणि ‘चालू दे’ असा हात केला.

इंजिनियरसाहेबांनी केबिनमधल्या वारा मोजायच्या यंत्राचा आकडा विचारला. तिने सांगितला. तो ठरवून दिलेल्या हद्दीच्या आत होता, जेमतेम का होईना, पण आत. साहेब खालून म्हणाले, “मग थांबलात कशाला? घ्या वर.”

गर्दी तिच्याकडे बघत होती. सासूबाईंनी दोन्ही हात वर केले होते. मुंगीचे स्वतःचे हात तर सांगाडा वर घ्यायला शिवशिवत होते. पूल समोर होता, नदी समोर होती, दहा मिनिटांचं काम. आता तिने पुन्हा प्रार्थना केली, या वेळी डोळे सताड उघडे ठेवून आणि सावकाश. शहाणपण दे. उत्तर म्हणून आकाशातून काही आलं नाही. फक्त लंबूचे बूट दिसत राहिले, आणि त्यांच्या पुढे एक पाऊलभर दगड. आणि तिला लख्ख कळलं की आठवडाभर आपण देवाच्या राज्याचं नाव घेत होतो आणि डोळ्यांसमोर टाळ्या होत्या.

तिने सांगाडा खाली ठेवला.

साहेब तावातावाने केबिनपाशी आले. उचलायचं की नाही याचा शेवटचा शब्द चालवणाऱ्याचा असतो, हा नियम त्यांनाही माहीत होता, त्यामुळे त्यांना जास्तच राग आला. नदीतल्या होड्या दिवसभरासाठी बंद ठेवल्या होत्या, पुन्हा परवानगी कधी मिळेल देव जाणे, असं त्यांनी सुनावलं. ती म्हणाली, वारा पडू दे, मी उचलते. साहेबांनी तिचं न ऐकता उस्तादांना फोन लावला. गर्दीतून कुणीतरी बोललंच, बाईमाणूस, घाबरली असेल. सासूबाईंनी ते ऐकलं आणि वर केलेले हात खाली घेतले.

आणि गंमत बघा, उस्ताद येईपर्यंत वारा असा पडला की झाडाचं पान हलेना. मुंगी केबिनच्या पायरीशी उभी होती. मनातून तिला रडू येत होतं, हे लपवण्यात अर्थ नाही. साहेबांनी तिच्याकडे न बघता उस्तादांना वर चढायची खूण केली. उस्ताद तिच्यापाशी थांबले.

“सकाळी कसा वागत होता, मुंगे?”

तिने भडाभडा सगळं सांगितलं. वळतो कुठे, जड कोणत्या अंगाला आहे, छपराचं कोणतं टोक वारा पकडतं. उस्तादांनी मान डोलावली, सीटवरची उशी काढून तिच्या हातात दिली आणि चढले.

लंबूच्या तळव्यांना सकाळी दोरी चांगलीच काचली होती. मुंगीने उशी खाली टाकली, हातमोजे चढवले आणि त्याची दोरी मागून घेतली. लंबूने आढेवेढे घेतले नाहीत, कारण हात खरंच चुरचुरत होते.

पूल चढला. एवढा मोठा लोखंडी पूल, त्यांच्या वस्तीचा पूल, तिच्या डोळ्यांदेखत हळूहळू नदीवर सरकत होता आणि दोरीतून त्याची हालचाल तिला तळव्यात कळत होती. केबिनमधून हे कधीच कळलं नसतं. ती दोरी सोडत गेली, ताणत गेली, ओरडून इशारे देत गेली. सांगाडा खांबांवर टेकला, पहिला बोल्ट बसला, आणि मुंगी सगळ्यांच्या आधी आणि सगळ्यांपेक्षा मोठ्याने ओरडली. पूल झाला होता! आपण नाही बसवला, हे तिच्या लक्षात आलं ते बऱ्याच उशिरा, आणि तेव्हा ते फारसं टोचलंही नाही.

टोचलं ते घरी. संध्याकाळी सासूबाई भांडी आपटत होत्या. पाठ न वळवताच त्यांनी विचारलं, “उचलला असतास तर पडला असता का गं?”

“माहीत नाही, आई. कदाचित नीट बसलाही असता.”

“मग का ठेवलास?”

“मी शहाणपण मागितलं, तर देवाने मला त्या लंबूचे पाय दाखवले. दुसरं काही दाखवलंच नाही.”

“आणि मी एवढे हात वर करून उभी होते ते?”

“तेही दिसत होते,” मुंगी म्हणाली. “म्हणून तर जास्त जड गेलं.”

सासूबाईंनी नळ बंद केला आणि ओले हात तसेच धरून उभ्या राहिल्या. मग भांडी पुसायला लागल्या, न आपटता.

दुसऱ्या दिवशी रविवार. पूल अजून चालायला खुला झाला नव्हता, त्यामुळे सगळे लांबच्या वाटेनेच चर्चला गेले. उपासनेत साक्ष द्यायची वेळ आली. आठवड्यात देवाने आपल्यासाठी काय केलं ते कुणीही उभं राहून सांगायचं, अशी ती वेळ. सासूबाई उठल्या. त्या उठल्या की लोक सरसावून बसायचे, कारण पाव तासाच्या आत त्या कधी खाली बसल्याचा इतिहास नव्हता. आज तर मुंगीला जमिनीने पोटात घ्यावं असं वाटत होतं. शेजारी नवऱ्याने तिचा हात धरला. मागच्या बाकावर कालची बरीच मंडळी होती, ‘बाईमाणूस’ म्हणणारेही होते.

सासूबाईंनी पदर सारखा केला आणि घसा साफ केला.

“काल माझ्या सुनेनं पूल उचलला नाही,” त्या म्हणाल्या. “त्याबद्दल मी देवाचे उपकार मानते.”

आणि त्या खाली बसल्या.