जंजिरा बघायचा राहिला

हौसाची राख धरणात सोडायचं कुणी ठरवलं? मला इचारलं?

फॅमिली ग्रुपवर टाकून मोकळे झाले. नातीनं वाचून दाखवलं तवा मला कळलं. साठ वर्सं एका चुलीवर भाकरी केल्या आमी दोघींनी. सख्खी जाऊ हाय मी तिची.

राम राम सगळ्यांना. काल सकाळी हौसा गेली. मी बोलतीया, नात टाईप करतीया. तिला बजावलंय, एक शब्द सुधरायचा न्हाई.

उद्या सावडायचं हाय. म्हणून आजच सांगते.

पानशेत फुटलं, त्याच्या फुडल्या सालची गोष्ट. आमचा सासरा दर हिवाळ्यात आंबेमोहर तांदूळ घेऊन ताम्हिणी उतरायचा. मुरूडला कोळ्यांना तांदूळ द्यायचा, बदल्यात मीठ आन सुके बोंबील आणायचा. त्या साली त्याचा खांदा धरला व्हता, म्हणून ओझ्याला आमी दोघी.

कुटं यष्टी, कुटं खाडीवर तरीची होडी, बाकी पायी.

मुरूडच्या अलीकडं रानात शेकरू दिसलं. हौसा तितंच थांबली.

"धाकटे, बघ की! हे आपल्याकडचं. हितं कुणाकडं आलंय?"

मग समुद्र.

आमी ताम्हिणीच्या वरचं आमचं धरण रोज बघायचो, पण त्याला पलीकडचा काठ हाय. ह्याला न्हाईच. हौसा कमरेवर हात ठेवून लई वेळ हुबी.

पाण्यात एक किल्ला दिसला. तिनं कोळणीला इचारलं, "ह्योच का जंजिरा?"

"नाय गो, हा कासा. जंजिरा त्या टेकाडापलीकडं."

सासऱ्यानं कबूल केलं व्हतं, पायलीभर तांदूळ राखलाय, उद्या होडीवाल्याला देतो आन दोघींना जंजिरा आतून दाखवतो.

हौसाला उद्यापत्तर कुटला धीर.

"चल, टेकाडावरनं नुसता बघून येऊ."

"आन मिठा-बोंबलाचं गाठोडं?"

"ऱ्हाऊ दे वाळूवर. पाणी काय चालत येतंय व्हय?"

धरणाचं पाणी सकाळी हाय तितंच सांजंला असतंय. काठावर धुणं, भाकरी, तान्ही पोरं ठेवून आमी गवताला जायचो. भरती म्हंजे काय, कुणाला ठाऊक?

टेकाडावरनं धुरकटात एक काळी भिंत दिसली. तेवढीच.

परत आलो तर वाळूच न्हाई.

मीठ इरघळलं. बोंबील आपल्या घरी गेले.

सासरा वरडला न्हाई, हसला. पण मिठाबिगर घरी कसं जायचं? राखलेली पायली मिठाला गेली.

होडी ऱ्हायली. किल्ला ऱ्हायला. घाट चढेपत्तर हौसा समुद्राला शिव्या घालत व्हती.

मग दर साली भात झोडून झालं की इचारायची, "धाकटे, जायचं का गं जंजिऱ्याला?"

कधी म्हस व्यायला झालेली. कधी सून बाळंत. कधी नुसता माझा कटाळा. दर खेपंला न्हाई मीच म्हणलं. आन ती माझ्याबिगर जायची न्हाई.

गेल्या म्हयन्यात बावधनला गेले, तिच्या ल्योकाच्या, दत्तूच्या फ्लॅटवर. खाटेवरनं म्हणती, "यंदा?"

मी म्हणलं, "ह्या गुडघ्यांनी होडीत चढशील व्हय?"

"तू ढकल की मागनं."

मी हसले.

तवा हसायला नको व्हतं.

दत्तू, धरण जवळ पडतंय ते मला बी कळतं. पण जन्मभर त्याच धरणाचं पाणी भरलं तिनं. बास झालं. राख मुरूडला न्यायची. होडी करायची, जंजिऱ्याच्या दरवाजापत्तर जायचं, तितं सोडायची. मी संगट येणार. मला होडीत कसं चढवायचं ते तुमचं तुमी बघा.

जा बाई हौसा. उशीर माझ्यापायी झाला.

खाली कुणी हात जोडलेली चित्रं टाकू नका. जबाब एकट्या दत्तूनं द्यायचा, आन आज दिवे लागायच्या आत द्यायचा.