दोन मिनास आणि एक निरोप

आमच्या गावात मिनास काल्फास दोन. थोरल्या मुलाला आजोबांचं नाव द्यायचंच, म्हणून दोघा भावांनी आपापल्या मुलाला तेच दिलं. एक मिनास शहराची बस चालवतो, दुसरा मधमाश्या पाळतो. बसवाला म्हणजे मिशा, मोठा आवाज आणि मिजास. मधवाला बायको गेल्यापासून माश्यांशीच काय ते बोलतो.

उन्हाळ्यात बसवाल्याला काहीतरी झालं. दरीकाठच्या वळणावर छाती धडधडायची, हात स्टिअरिंगवर गोठायचे. बस थांबवून तो उतारूंना सांगायचा, ब्रेक बघतोय. डॉक्टर म्हणाले, हृदय ठणठणीत आहे. ते ऐकून तो जास्तच घाबरला: म्हणजे डोकंच बिघडलं! बस स्टँडवरच्या फलकावर एका समुपदेशक बाईंची जाहिरात होती, खाली नंबराच्या पट्ट्या. कुणी नसताना त्याने एक फाडली. बाईंना आपला नंबर दिला तर बायको उचलेल, म्हणून आमच्या कॉफीच्या दुकानाचा दिला. काय अक्कल! गावात ज्या फोनला सगळ्यात जास्त कान, तोच नेमका.

आमच्या नवऱ्याच्या तोंडात तीळ भिजत नाही. एके दिवशी बाईंचा फोन आला, आणि रिसीव्हर हातात धरूनच तो भर दुकानात ओरडला, "मिनास काल्फास! मनाच्या डॉक्टरीणबाई म्हणतायत, गुरुवारऐवजी शुक्रवारी या!"

दोघेही मिनास समोरच बसले होते. सगळ्या माना मधवाल्याकडे वळल्या. बसवाला कपात बघत राहिला. त्याचे लाल झालेले कान मला दिसले, चुलतभावालाही दिसले असणार.

"बरं, शुक्रवारी," मधवाला म्हणाला.

मग रोजचंच झालं. "काय रे, माश्या उलटून बोलायला लागल्या का?" सगळे हसायचे. एकदा बसवालाही हसला, तेव्हा मला त्याचा राग आला. शुक्रवारी बाईंकडे मात्र तोच गुपचूप जायचा.

नोव्हेंबरात संत मिनासचा दिवस, म्हणजे दोघांचाही नावदिवस आला. नावदिवसाला आमंत्रण लागत नाही, दार उघडं असतं. दरवर्षी आम्ही आधी एका मिनासकडे जातो, मग दुसऱ्याकडे. यंदा सगळे बसवाल्याकडेच चिकटून बसले.

"तिकडे कशाला?" त्याची बायको म्हणाली. "वेड्याचं घर ते. पोरं घाबरतात."

मीही उठले नाही, खोटं कशाला बोलू. खिडकीतून समोर दिसत होतं: मधवाल्याचं दार सताड उघडं, टेबलावर भरलेली ताटं, आणि इस्त्रीच्या सदऱ्यात तो एकटा.

बसवाला पाहुण्यांना राकीची दारू ओतत होता. त्यानेही तिकडे पाहिलं आणि बाटली खाली ठेवली.

"तो निरोप माझा होता."

"काय बोलताय?" बायको म्हणाली.

"वेडा म्हणतेस ना, तो मी. मला बस चालवायची भीती वाटते. त्याने माझ्यासाठी सगळ्यांचे टोमणे खाल्ले आणि मी हसलो गं. लाज वाटते मला." एवढा दांडगा माणूस बायकापोरांसमोर रडत होता.

बसवाला तसाच रस्ता ओलांडून गेला. खाली माना घालून आम्हीही मागे गेलो. तो उंबऱ्यावरच अडला.

मधवाल्याने खुर्ची ओढून दिली. "बस. सगळं गाव विचारतं, बाई काय म्हणाल्या? काहीबाही सांगता सांगता मलाच वाटायला लागलंय, खरंच जावं," तो हळूच म्हणाला. "नंबर आहे ना तुझ्याकडे?"